गाडी चालवताना राग अनावर होतो, काय करू? एका जुन्या एसटी चालकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे 36 वर्षांचे गृहस्थ सातारा-पुणे रस्त्यावर आठवड्यातून तीन फेऱ्या करतात, स्वतःच्या गाडीने. घरी किंवा ऑफिसात कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, पण स्टिअरिंग हातात आलं की वेगळेच होतात. गेल्या महिन्यात खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर एकाने त्यांना कट मारला आणि यांनी सात-आठ किलोमीटर त्याचा पाठलाग केला. मागच्या सीटवर बायको आणि सात वर्षांची मुलगी होती. मुलगी मोठ्याने रडायला लागली तेव्हा हे भानावर आले. आता विचारतात, "माझ्या स्वभावातच काही खोट आहे का? संयम शिकता येतो का?"

मी 28 वर्षं एसटीत चालक होतो. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं गाडी शिकवतो. अगदी याच प्रकारची माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

तुमच्या स्वभावात खोट आहे असं मला वाटत नाही. मंडईच्या गर्दीत कुणाचा खांदा लागला तर तो मागे वळून बघतो, "अहो, सॉरी" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. रस्त्यावर मात्र समोरच्याचं तोंड दिसत नाही. दिसते ती गाडीची मागची काच. त्याला चूक कळली असेल, ओशाळलाही असेल, पण ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. बोलायला तुमच्याकडे एक हॉर्न आणि एक डिपर. हॉर्नमध्ये "जरा जपून" आणि "अरे मूर्खा" हे दोन्ही सारखंच ऐकू येतं. शिवाय कट बसतो तेव्हा जिवाला खरोखरच धोका असतो, आणि शरीर ते ओळखतं. छाती धडधडते, हात आवळले जातात, नजर एका जागी खिळते. पळायला किंवा दोन हात करायला हे ठीक आहे. पण तुम्ही पट्टा लावून बसलेले असता आणि पायाखाली ॲक्सिलरेटर असतो. ती सगळी ताकद तिथे उतरते.

नजर खिळणं हे मला सगळ्यात घातक वाटतं. पाठलाग करत होतात तेव्हा डाव्या आरशात काय होतं, आठवतं का? बोगद्यानंतरचं एस वळण कित्येक वर्षं अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, तिथे तुमचा वेग किती होता? माझ्या विद्यार्थ्यांना मी हे विचारतो आणि दहातल्या नऊ जणांना काही सांगता येत नाही. त्यांना आठवतो तो फक्त पुढच्याचा नंबर.

आता मुद्द्याचं. राग आल्यावर तो आवरायचा कसा, हे तुम्ही विचारताय. माझा अनुभव असा आहे की त्या क्षणी हातात फार थोडं उरलेलं असतं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखं आहे ते. एसटीत 25 वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकाचा बिल्ला देऊन सत्कार होतो. तसे बरेच जण मी जवळून पाहिले. त्यातले काही घरी चांगले तापट होते. तरी गाडीवर शांत राहायचे, कारण राग यायला निमित्तच मिळणार नाही अशी तजवीज ते आधी करून ठेवायचे. तजवीज दोनच गोष्टींची, हातात वेळ आणि पुढच्या गाडीपासून अंतर. या दोन्ही गोष्टी गाडी सुरू करण्याआधी किंवा रस्ता मोकळा असताना मिळवाव्या लागतात.

आधी वेळेचं सांगतो. सातारा ते पुणे साधारण 110 किलोमीटर धरा. सलग 100 ने गेलात तर 66 मिनिटं लागतात, 80 ने गेलात तर 82. कागदावर 16 मिनिटांचा फायदा दिसतो. पण तो रस्ता सलग कधी मिळतो? टोलनाके आहेत, शिरवळला कंपन्यांची सुटण्याची वेळ असते, खेड शिवापूरची गर्दी असते, शेवटी नवले पुलाच्या आसपास सगळे एकाच रांगेत येतात. माझा एक विद्यार्थी याच रस्त्यावर रोज जीव खाऊन जायचा. त्याला मी एक दिवस नेहमीसारखं आणि एक दिवस 80 च्या आत चालवायला लावलं, दोन्ही दिवशी एकाच वेळी निघून. फरक सहा मिनिटांचा पडला. सहा मिनिटांसाठी तो रोज पन्नासेक ओव्हरटेक करत होता.

म्हणून 15 मिनिटं आधी निघा. हा सल्ला इतका साधा आहे की लोक तो ऐकूनच घेत नाहीत, पण माझ्या पोतडीतला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. आणि घरच्यांना, ऑफिसला पोहोचण्याची वेळ सांगताना अर्धा तास पुढची सांगा. दहाला पोहोचणार असाल तर साडेदहा म्हणा. "कुठवर आलास?" असा फोन आला की पाय आपोआप दाबला जातो, हे मी माझ्या स्वतःच्या पायाबद्दल सांगतोय. फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवलात तर आणखी बरं.

रिकाम्या पोटी निघू नका. रात्रीची झोप अपुरी असेल तर त्या दिवशी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तुम्हाला मुद्दाम त्रास देतोय असं वाटणार, हे धरूनच चाला. उन्हाळ्यात पाणी हाताशी ठेवा. बायकोशी वाद झाला असेल तर किल्ली फिरवण्याआधी पाच मिनिटं नुसते बसा. आमच्या डेपोत एक जुने चालक होते, ते गाडी काढण्याआधी टायर हाताने चाचपत गाडीभोवती सावकाश एक फेरी मारायचे. मला वाटायचं टायर बघतात. टायर तर बघायचेच, पण घरचं घरी आणि गाडीचं गाडीत करायला ती फेरी लागते, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. मी ती अजून मारतो.

आता अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा सावलीवरून गेली की मनात सावकाश "रामकृष्णहरी" म्हणायला लागा. एकदा म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. तीनदा म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात, धुक्यात पाचदा म्हणा. 80 च्या वेगात गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. पुढचा ब्रेक लावतोय हे कळून तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर निघून गेलेलं असतं, त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात होते. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असताना 60 च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून 20 मीटरमध्ये थांबते, 100 च्या वेगातल्या गाडीला 55 मीटरपेक्षा जास्त लागतात. वेग दीडपटीहून थोडा वाढला, थांबायचं अंतर मात्र जवळजवळ तिप्पट झालं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातल्या 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली आहे. आकडा वाचून आपण पान उलटतो, म्हणून मी तो मीटरमध्ये सांगतो.

हे अंतर रागावरचंही औषध आहे. जवळ चिकटून चालवणाऱ्याला पुढच्याचा प्रत्येक ब्रेक दचकवतो, आणि दिवसभर दचकणारा माणूस चिडणारच. पुढे 60-70 मीटर मोकळे असले की तुमच्यासमोर कुणी घुसला तरी तो कट वाटत नाही, कारण त्याच्यासाठी जागा असतेच.

यावर सगळे एकच सांगतात, "जागा ठेवली की दुसरे घुसतात." घुसू द्या की. मी एकदा मोजलं होतं. कात्रजपासून स्वारगेटपर्यंत भर गर्दीत जागा ठेवून चालवली आणि माझ्यापुढे 11 गाड्या घुसल्या. मोकळ्या वाहत्या रांगेतून साधारण दर दोन सेकंदांना एक गाडी पुढे सरकते. म्हणजे 11 गाड्यांनी माझी 22 सेकंदं घेतली. तेवढ्या 22 सेकंदांसाठी अर्धा तास दात आवळून बसायचं का, हे तुम्हीच ठरवा. शिवाय जागा असली की थांब-चाल, थांब-चाल करावं लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू सरकत राहते आणि क्लचवरच्या पायाला विश्रांती मिळते. पायाला कळ लागली की डोकं तापतं, हे कुठल्याही एसटीवाल्याला विचारा.

उसाच्या ट्रॉलीबद्दल मात्र मला नीट सांगू द्या. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की पुढचे चार-पाच महिने सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात संयमाची खरी परीक्षा तिथे असते. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वेग 15-20. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, वरून टेपवर गाणी. दोन मिनिटं मागे राहिलं की वाटतं अर्धा तास झाला.

जानेवारी 1996. कराड-विटा रस्ता, संध्याकाळची वेळ, गाडीत चाळीसेक प्रवासी. मला 20 मिनिटं उशीर झाला होता. दोन ट्रॉल्यांच्या मागे बराच वेळ होतो. पुढे मोकळं दिसतंय असं वाटलं आणि मी गाडी उजवीकडे काढली. समोरून एक दूधवाला सायकलवर येत होता. तो त्याच्या बाजूने, अगदी कडेने चालला होता. ट्रॉलीच्या आडून मला तो दिसलाच नव्हता. माझी गाडी अंगावर येतेय हे बघून त्याने सायकल चरीत घातली. दोन्ही कॅन उलटले. मनगट मोडलं. थांबून आम्ही त्याला उचललं, कंडक्टरने रुमालाने हात बांधला आणि गाडी तशीच दवाखान्यात नेली. वाटेत त्याने मला एक शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, ट्रॉली त्या वडाशी कारखान्याला वळणारच होती." वड तिथून दीडशे पावलांवर होता.

माझ्या छातीवर 25 वर्षांचा तो बिल्ला नाही, याचं कारण ही संध्याकाळ. त्याला आता तीसेक वर्षं होतील, पण पांढरं दूध त्या काळ्या मातीत जिरताना मला अजून दिसतं.

त्यानंतर मी ओव्हरटेकचा हिशोब करायला शिकलो. ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर 18-20 मीटर लांब. मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरलं तर तुम्हाला त्याच्यापेक्षा 50-60 मीटर जास्त जायचंय. त्याच्यामागे 20 च्या वेगात अडकलेली गाडी तिथून वेग घेते तेव्हा आठ ते दहा सेकंद सहज जातात. तेवढ्यात समोरून 80 ने येणारी गाडी 200 मीटर कापून येते, आणि तुमचं स्वतःचं अंतर त्यात मिळवायचं. म्हणजे सरळ, मोकळा, दिसणारा रस्ता साडेतीनशे मीटर तरी हवा. वळणावर, चढाच्या टोकाशी किंवा संध्याकाळी तिन्हीसांजेला तो नसतो. नसेल तर मागे राहायचं, पण ट्रॉलीला चिकटून नाही. मागे राहिलं की पुढचं जास्त दिसतं, आणि दिसायला लागलं की निम्मी घालमेल कमी होते. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे "जा" असं समजू नका. काही चालक तशी खूण करतात खरी, पण तो स्वतः उजवीकडे वळत असला तर?

घाटाचंही थोडक्यात. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. ज्या गिअरमध्ये चढवाल त्याच गिअरमध्ये उतरवा, ही जुन्यांची शिकवण. उतारावर तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असलात की मागचे हॉर्न वाजवतात आणि त्या दडपणाखाली नवखा माणूस गिअर वर टाकतो. टाकू नका. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन किती घरं बसली, हे तुम्ही त्याच रस्त्यावरून जाता म्हणून तुम्हाला सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे त्यात असतात. असा ट्रक मागे दिसला तर त्याला अडवण्याच्या फंदात पडू नका. लेन सोडा, वाट द्या.

एवढं करूनही कुणीतरी कट मारणारच. तेव्हाचं सांगतो.

आधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. ब्रेकवर जोरात नेऊ नका, नुसता काढा. मग सावकाश श्वास सोडा. लोक खोल श्वास घ्या म्हणतात, पण सोडणं महत्त्वाचं. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, असं तीनदा. श्वास लांब सोडला की छातीची धडधड उतरायला लागते, हे शरीरशास्त्र आहे. खांदे कानांपर्यंत गेलेले असतील ते खाली आणा. बोटं स्टिअरिंगवर किती आवळली आहेत ते बघा आणि सैल करा. मग तिन्ही आरसे बघा. आरसे बघितले की खिळलेली नजर सुटते.

आणि मोठ्याने म्हणा, "जा माउली." आषाढीच्या गाड्या चालवताना मला ही सवय लागली. वारीच्या दिवसांत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. रस्त्यात आडवा आलेला माउली, तिकिटावरून भांडणारा माउली, गाडीत ओकणारं पोरही माउली. वारी संपली तरी माझ्या तोंडातून तो शब्द जाईना. ज्या तोंडून माउली निघालं, त्याच तोंडून लगेच शिवी निघत नाही. काही जण सांगतात, समोरच्याच्या गाडीत आजारी माणूस असेल अशी कल्पना करा. तुम्हाला जमत असेल तर जरूर करा. मला ते जमलं नाही, कारण बहुतेक वेळा गाडीत आजारी कुणी नसतं आणि मनाला ते कळतं. माउली म्हणायला काही गृहीत धरावं लागत नाही.

मागून कुणी चिकटला आणि डिपर मारत राहिला तर त्याला धडा शिकवायला ब्रेक दाबू नका. तो आदळला तर मणका तुमचाही आणि मागच्या सीटवरच्या मुलीचाही. डावा इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे व्हा, जाऊ द्या. समोरून कुणी प्रखर दिवे टाकले तर नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. कुणी शेजारी येऊन हातवारे करायला लागला तर त्याच्या डोळ्यांत बघू नका, काच खाली घेऊ नका, उतरू नका. तो मागे लागला तर घराकडे न जाता पेट्रोल पंप, टोलनाका किंवा पोलीस चौकी गाठा. 112 वर फोन लावायचा तर शेजारच्या माणसाला लावायला सांगा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आहे. आणि चूक तुमच्याकडून झाली असेल तर हात वर करून दाखवा. उघडा तळहात दिसला की किती जण निवळतात, ते करून बघा.

तुम्ही केलेला पाठलाग कायद्याच्या नजरेत काय आहे, हेही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यासाठी पहिल्याच गुन्ह्यातही तुरुंगवास होऊ शकतो. आधी कट त्याने मारला होता, ही सबब तिथे चालत नाही.

एक गोष्ट तपासून घ्या. राग फक्त गाडीतच येतो असं तुम्ही लिहिलंय. पण झोप झाल्यावरही थकवा वाटत असेल, रात्री फार घोरत असाल किंवा रक्तदाब तपासून बरेच दिवस झाले असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन या. माझ्या एका विद्यार्थ्याची रस्त्यावरची चिडचिड झोपेचा उपचार सुरू झाल्यावर कमी झाली. त्याला मी वर्षभर श्वास शिकवत बसलो होतो.

राहिली तुमची मुलगी. त्या दिवसाबद्दल तिच्याशी अजून बोलला नसाल तर आज बोला. "त्या काकांनी कट मारला म्हणून" असं सुरू करू नका. "मी चुकलो, तू घाबरलीस, मला वाईट वाटलं" एवढंच बोला. सात वर्षांच्या मुलीला तेवढं नीट कळतं. मग पुढच्या फेरीला तिला एक काम द्या. बाबांनी किती गाड्यांना वाट दिली ते तिने मोजायचं, आणि दर गाडीला दोघांनी मिळून "जा माउली" म्हणायचं. माझ्या नातवाला मी हेच काम दिलंय. पहिल्या दिवशी त्याने 14 मोजल्या. आता कुणी घुसायच्या बेतात असला की मागून आधीच ओरडतो, "आजोबा, पंधरावी आली, जागा ठेवा."